१२ हजारांत ४०७ रंगवायचा असेल तर पैसा पत्र्यावर घाला

भांडुपच्या एका टेम्पोमालकाने विचारले आहे. त्यांच्याकडे सीएनजीवर चालणारा जुना टाटा ४०७ आहे आणि त्याला माल भरण्याचा १० फुटी लोखंडी हौदा आहे. आठवड्यातले बहुतेक दिवस वाशीच्या बाजारातून भाजीची भाडी असतात आणि अधूनमधून भाऊच्या धक्क्यावरून मासळीची. जानेवारीच्या अखेरीस पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, आहे आणि गॅरेजवाल्याने रंगकामाचे ४५ हजार सांगितले आहेत. हाताशी १२ हजार रुपये, चाळीमागची मोकळी जागा, मेहुण्याची मदत आणि डिसेंबर-जानेवारीतले रविवार एवढेच आहे. भाड्याने कॉम्प्रेसर आणून मोटारीला मारतात तसा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरीच मारता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

गाडी घरी रंगवता येईल आणि १२ हजारांत चांगली रंगवता येईल. मात्र कॉम्प्रेसर आणू नका आणि पीयूच्या वाटेला जाऊ नका. साधा सिंथेटिक इनॅमल, म्हणजे ज्याला आपण सगळे ऑइल पेंट म्हणतो तो, ब्रश आणि रोलरने लावा, आणि उरलेला सगळा पैसा व कष्ट त्याच्या खालच्या पत्र्यावर खर्च करा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या एका गॅरेजात पोरवयात पॉलिश पेपर घासायला लागलो तेव्हापासून आजवर मी हेच काम करत आलो आहे. या काळात रंग वाईट निघाला म्हणून परत आलेल्या गाड्या मी फार थोड्या पाहिल्या. परत आलेल्या बहुतेक गाड्यांचा रंग ठीक होता आणि त्याखालचा गंज तसाच ठेवलेला होता.

पीयूला नकार देण्याचे कारण आधी सांगतो, कारण ते पैशापेक्षा मोठे आहे. पीयू रंगात जो हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. फवारा मारताना त्यांचे सूक्ष्म थेंब हवेत राहतात आणि श्वासावाटे छातीत जातात. एकदा का शरीराला त्यांची अॅलर्जी जडली, की पुढे अगदी थोड्या प्रमाणातही दम्याचा झटका येऊ शकतो. वासावरून धोका ओळखता येत नाही, आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा औषधाच्या दुकानातला कापडी मास्क त्याला मुळीच अडवत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा आणि बंदिस्त बूथ असेल तरच हे काम करायचे असते. माझ्याबरोबर काम शिकलेला एक उत्तम कारागीर आज जिना चढताना दोनदा थांबतो. चाळीमागे लहान मुले खेळत असतात, वरच्या मजल्याच्या खिडक्या उघड्या असतात आणि शेजाऱ्यांच्या दुचाक्या उभ्या असतात. तिथे पीयूचा फवारा मारणे मला कोणत्याही कारणाने मान्य होणार नाही. त्यातच भाड्याच्या छोट्या कॉम्प्रेसरच्या नळीतून हवेबरोबर पाणी येते आणि मुंबईच्या दमटपणात ते जरा जास्तच येते. ते थेट रंगात उतरते आणि महिन्या-दोन महिन्यांत तिथे फोड दिसू लागतात.

हंगामाचा विचार तुम्ही बरोबर केला आहे. मुंबईत रंगकामाचे खरे दिवस नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे. आपल्याकडे बहुतेक गाड्या रंगतात त्या दसऱ्याच्या आधी, कारण पूजेला गाडी नवी दिसावी अशी प्रत्येकाची इच्छा असते आणि त्या भावनेचा मला आदर आहे. पण हवामान खात्याच्या हिशेबाने पाऊस मुंबईतून सरासरी ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो, म्हणजे कित्येक वर्षी दसऱ्याच्या आधीचे सगळे काम भिजलेल्या हवेत होते. मी स्वतः एका वर्षी कोळीवाड्यातल्या एका गिऱ्हाइकाचा मासळीचा टेम्पो त्यांच्या घाईखातर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रंगवून दिला. दसऱ्याला गाडी झळकली आणि होळीच्या सुमारास हौद्याच्या खालच्या कडेला नखाने उचलता येतील असे पोपडे निघू लागले. तो पोपडा उलटा करून पाहिला तेव्हा त्याच्या पाठीला अस्तराचा, म्हणजे प्रायमरचा, लाल रंग आणि त्यावर पिवळसर तपकिरी गंजाची बारीक पूड चिकटलेली होती. याचा अर्थ अस्तराने पत्रा धरलाच नव्हता, ते पत्र्यावरच्या गंजाला धरून होते. गाडी मी पदरच्या पैशाने पुन्हा केली आणि त्या दिवसापासून पावसाळ्यात उघड्यावर रंगकाम घेणे बंद केले.

मासळीच्या गाडीचे दुखणे कोणते, हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या गाडीतही ते थोड्या प्रमाणात असणारच. बर्फाचे वितळलेले पाणी मासळीबरोबरचे मीठ घेऊन हौद्याच्या सांध्यांत, पट्ट्यांच्या मागे आणि खालच्या चॅनेलमध्ये उतरते. पाणी सुकते पण मीठ राहते, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेत असल्यामुळे गाडी उभी असली तरी तिथला पत्रा कधी पुरता सुकत नाही. वरून कितीही चांगला रंग दिला तरी खाली मीठ राहिले असेल तर गंज रंगाच्या आत चालू राहतो. म्हणून पहिले काम धुण्याचे. खारे किंवा बोअरचे पाणी वापरू नका, नळाचेच पाणी घ्या. हौदा आतून-बाहेरून, चॅनेलच्या पोटात पाइप घालून, भरपूर धुवा. धुण्याआधी एक जाड तार घेऊन हौद्याच्या खालच्या कडेची आणि केबिनच्या दरवाजांच्या तळाची पाणी निघण्याची भोके मोकळी करा. ही भोके बोटाच्या पेराएवढी किंवा त्याहूनही लहान असतात आणि चिखल, भाजीचा पाला, माशांचे खवले यांनी ती हमखास बुजलेली असतात. तुमच्या दरवाजाच्या तळाला गंज असेल, तर त्याचे मूळ बहुधा या बुजलेल्या भोकातच सापडेल. ते न उघडता वरून लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली तर पुढच्या पावसाळ्यात लांबीसकट पत्रा हातात येईल.

मीठ गेले की नाही, हे ओळखण्याची एक जुनी रीत आहे. जिथे गंजाने पत्र्याला बारीक खड्डे पाडले आहेत अशी जागा शनिवारी संध्याकाळी तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत) चकचकीत होईपर्यंत घासा, धुवा, पुसा आणि रात्रभर तशीच सोडा. सकाळी बॅटरी घेऊन जवळून पाहा. खड्ड्यांच्या तळाशी मोहरीएवढे तपकिरी ठिपके उगवले असतील तर मीठ अजून आत आहे. मग गरम पाणी आणि ताठ केसांचा ब्रश घेऊन पुन्हा धुवा, सुकवा, घासा. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यानंतर ठिपके येणे बहुतेक थांबते. ज्या खोल खड्ड्यांत ब्रश पोहोचतच नाही तेवढ्यापुरते फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक द्रावण लावावे, मात्र सैल गंज खरवडून काढल्यावर आणि डब्यावर लिहिलेल्या पद्धतीनेच. गंजावरून सरळ ओतून मोकळे होण्याचे ते औषध नाही.

इथे तुमच्या बेतात एक बदल सुचवतो. पहिल्या रविवारी सगळी गाडी खरवडायची, दुसऱ्या रविवारी लांबी, तिसऱ्या रविवारी अस्तर, असे ठरवले तर मधल्या सहा दिवसांत उघडा पत्रा घेऊन तुम्ही वाशीच्या फेऱ्या कराल आणि सगळे केलेले वाया जाईल. काम भागांनुसार वाटा. एका रविवारी हौद्याची एक बाजू आणि फाळका (मागची उघडणारी बाजू), दुसऱ्या रविवारी दुसरी बाजू आणि केबिनच्या मागचा भाग, तिसऱ्या रविवारी केबिन, असे धरा. जो भाग हाती घ्याल तो त्याच दिवशी अस्तरापर्यंत न्या. अस्तराचा हात, म्हणजे थर, लागल्याशिवाय तो भाग घेऊन गाडी कामाला काढायची नाही, एवढा एक नियम पाळा. रंगाचे काम पुरे होईपर्यंत मासळीचे भाडे घेऊ नका, हीही विनंती आहे. शेवटी रंगाच्या दोन हातांसाठी मात्र सलग तीन दिवस गाडी उभी ठेवावी लागेल. ते भाडे बुडेल, ते खर्चातच धरा.

घासताना एक सावधगिरी घरातल्या मुलांसाठी आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली, पण ती गाड्यांच्या रंगांना लागू होत नाही. जुन्या व्यापारी गाड्यांवरच्या पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. लाल ऑक्साइडच्या जुन्या अस्तरात क्रोमेट असू शकते आणि तेही शरीराला घातक आहे. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओलाच घासा, खाली प्लास्टिकची ताडपत्री अंथरा आणि त्यावरचा गाळ गटारात न सोडता सुकवून पिशवीत भरा. काम चालू असताना मुलांना तिकडे फिरकू देऊ नका, आणि ज्या कपड्यांत घासले ते घरातल्या कपड्यांबरोबर धुऊ नका. गंज काढताना तारेचा ब्रश कोरडाच चालवावा लागतो. तेव्हा नाका-तोंडावर धुळीचा चांगला मास्क आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण ग्राइंडरवरच्या ब्रशची तार सुटून उडते.

जुना रंग सगळा उतरवायची गरज नाही. जिथे तो घट्ट बसला आहे तिथे २२० आणि मग ३२० नंबरच्या पेपरने त्याची चकाकी मारली की पुरे. जिथे पोपडे आहेत तिथे मात्र पत्र्यापर्यंत जायचे आणि भोवतालच्या घट्ट रंगाची कड घासून इतकी उतरती करायची की डोळे मिटून बोट फिरवले तर पायरी लागू नये. घासण्याच्या आधी साबणाच्या पाण्याने तेल-ग्रीस काढा, कारण तेलावर पेपर फिरवला की ते ओरखड्यांत आणखी खोल बसते. धुतल्यावर पत्र्यावर पाणी ओता. ते अखंड पडद्यासारखे पसरून राहिले तर जागा साफ आहे. थेंब थेंब होऊन आकसले तर तेल किंवा पॉलिश शिल्लक आहे आणि तिथे रंगाला खळगे पडणार. रॉकेलने पुसण्याची आपल्याकडे फार सवय आहे. रॉकेल सुकल्यावरही तेलकट थर मागे ठेवते, म्हणून त्याने पुसू नये आणि त्याने रंगही पातळ करू नये. पेट्रोलचे तर नावच नको.

जिथे पत्रा खाऊन आरपार गेला असेल तिथे लांबी भरून झाकू नका. तेवढा पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने बसवून घ्या. तुमच्या १२ हजारांतला सर्वांत चांगला खर्च हाच होईल. हे काम घरी न करता वेल्डरकडे गाडी नेऊन करा. बॅटरीची जोडणी काढायला सांगा आणि गाडी सीएनजीची आहे हे त्याला पहिल्यांदा सांगा. सिलिंडर आणि गॅसच्या नळ्यांच्या जवळपास ठिणगी उडेल असे काम गॅस-किटच्या जाणकार मिस्त्रीला विचारल्याशिवाय होऊ देऊ नये. तुकडा दारुखान्याच्या भंगार बाजारातून आणा किंवा जवळच्या दुकानातून, पण तो साधा काळा पत्रा आहे की जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा आहे, हे विचारून घ्या. जीआय पत्र्यावर ऑइल पेंट थेट दिला तर रंगातल्या तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन साबणासारखा थर तयार होतो आणि काही महिन्यांत रंग कातडीसारखा सोलून निघतो. नवा बसवलेला तुकडाच आधी सोलला गेला अशी तक्रार घेऊन अनेक जण येतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. जीआय किंवा अॅल्युमिनियमवर आधी वॉश प्रायमरचा पातळ हात द्यावा आणि त्यावर नेहमीचे अस्तर.

ठोकून सरळ केलेल्या जागी जी उंचसखल उरते तिच्यासाठी पॉलिएस्टर लांबी वापरा. ती उघड्या, ८० नंबरने खरखरीत केलेल्या पत्र्यावर लावायची. तिचा हार्डनर १०० ग्रॅमला सुमारे २ ग्रॅम पुरतो. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर पुढे वरच्या रंगावर डाग उमटतात. एका वेळी लिंबाएवढीच कालवा, कारण काही मिनिटांतच ती घट्ट होते. जाडी तीन मिलिमीटरच्या पुढे नेऊ नका. आणि गंज सोडला तर एवढी एकच गोष्ट कोरडी घासायची आहे. लांबी पाणी शोषते आणि ते पाणी नंतर रंगाखाली फोड बनून वर येते, म्हणून मास्क लावून, कोरड्या पेपरने, आधी ८० मग १८० नंबर, असे घासावे आणि लगेच अस्तर द्यावे. बाजारात ट्यूबमध्ये किंवा डब्यात जी एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी मिळते ती ओरखडे आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रे भरण्यापुरती ठीक आहे. तिने खड्डे भरले तर ती चिरते.

अस्तर रेड ऑक्साइड झिंक क्रोमेटचे घ्या. ते इनॅमलशी जुळते, ब्रशने चांगले लागते आणि स्वस्त आहे. यातही क्रोमेट असते, म्हणून तेही कोरडे घासायचे नाही. इपॉक्सी अस्तर त्याहून मजबूत असते, पण दोन भाग मोजून मिसळणे आणि वेळेत संपवणे नवख्या हाताला जड जाते. तुम्हाला परवडत असेल तर फक्त हौद्याच्या तळासाठी तेवढे घ्या. अस्तराचा हात पातळ आणि सारखा असावा. सांधे, रिव्हेट आणि कडा यांना आधी एक इंची ब्रशने स्वतंत्र रंग घालून मग मोठी जागा करावी, कारण रंग कडेवरून आपोआप ओढला जातो आणि गंज पहिल्यांदा तिथूनच शिरतो. अस्तर ओलावा शोषते, म्हणून त्याला आठवडे-आठवडे उघडे ठेवायचे नसते. तुमच्या बेतात पहिल्या भागाचे अस्तर दोन-तीन आठवडे रस्त्यावर राहणार आहे. तेव्हा रंगाच्या आदल्या दिवशी सगळी गाडी धुऊन, ३२० नंबरने ओलेच हलके घासून, सुकवून, पातळ दिसेल तिथे अस्तराचा आणखी एक हात द्या.

आता हिशेब. दहा फुटी हौद्याच्या दोन्ही बाजू, फाळका आणि पुढची भिंत मिळून बाहेरून सुमारे ८० चौरस फूट, आतून तेवढेच आणि केबिन १२० च्या आसपास, असे २८० चौरस फूट धरा. तुमच्या हौद्याची उंची वेगळी असेल तर फीत लावून मोजा. अशा पत्र्यावर एक लिटर इनॅमल एका हातात १०० चौरस फूट सहज करतो, म्हणजे दोन हातांना सहा लिटर पुरतील. तीन लिटर अस्तर, तीन लिटर मिनरल टर्पेंटाइन आणि तळासाठी वेगळा लिटर-दीड लिटर काळा रंग. हे सगळे मिळून तुमच्या पैशांतला साधारण तिसरा हिस्सा जाईल. उरलेल्यातून वेल्डिंग, पेपर, लांबी, मास्क, टेप आणि चांगले ब्रश. ब्रशवर कंजूषी करू नका. स्वस्त ब्रशचे केस ओल्या रंगात गळतात आणि प्रत्येक केस चिमट्याने काढताना तिथे व्रण राहतो. गाडीच्या सगळ्या रंगाचे डबे एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे, एकाच वेळी घ्या. वापरण्याआधी ते मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळा, म्हणजे डब्याडब्यांतला छटेचा फरक दिसणार नाही.

रंग आहे तोच ठेवा. रंग बदलला तर तो नोंदणी पुस्तकातही बदलून घ्यावा लागतो, आणि पासिंगच्या तोंडावर तो व्याप नको. ऑलिव्ह हिरवा तर संरक्षण दलाच्या गाड्यांखेरीज कोणत्याही गाडीला नियमानेच चालत नाही.

रंगाच्या दिवशी सकाळी जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवा आणि दव पूर्ण वाळेपर्यंत थांबा. हाताला कोरडा लागणारा पत्राही सकाळी थंड असतो आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरलेला असतो. दहाच्या सुमारास सुरू करून दोनपर्यंत संपवा, म्हणजे संध्याकाळी दव पडायच्या आत रंगाचा वरचा थर धरलेला असेल. ओल्या इनॅमलवर दव पडले की सकाळी तिथे चकाकी मेलेले पांढुरके पट्टे दिसतात आणि ते पुसून जात नाहीत. उन्हाने तापलेल्या पत्र्यावरही लावू नका. हाताची उलटी बाजू टेकवून पाहा, चटका बसला तर सावलीतली बाजू आधी करा.

इनॅमलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत टर्पेंटाइन घालून ढवळा आणि जुन्या साडीच्या तलम फडक्यातून गाळून घ्या. एनसी थिनर यात कधीही घालू नका, आणि पुढे इनॅमलवर एनसी रंगही लावू नका. एनसी थिनर खालचा ऑइल पेंट उचलतो आणि सगळा थर सुरकुततो. आता दोघांचे काम वाटून घ्या. मेहुण्याने चार इंची फोमच्या रोलरने दोन बाय तीन फुटांचा तुकडा भरायचा आणि तुम्ही लगेच मागून मऊ, जवळजवळ कोरड्या ब्रशचे नुसते टोक फिरवायचे. ब्रशवर दाब द्यायचा नाही आणि सगळे फटकारे एकाच दिशेने, खालून वर, कडेला उचलत संपवायचे. तुकडा संपला की पुढचा तुकडा आधीच्या ओल्या कडेत मिसळायचा. मध्ये चहाला थांबायचे असेल तर दरवाजाच्या कडेला किंवा पट्टीच्या सांध्याला येऊनच थांबा, मोकळ्या पत्र्याच्या मध्यावर थांबलात तर तिथली रेघ कायमची राहील. छत आधी, मग मागचा भाग, मग बाजू आणि शेवटी समोर. पाच मिनिटांनी मागे जाऊन तिरप्या उजेडात पाहा. ओघळ तेव्हाच दिसला तर ब्रशच्या टोकाने उचलता येतो. अर्ध्या तासाने दिसला तर हात लावू नका, सुकल्यावर घासा. पहिला हात झाकण्यासाठी असतो, त्यातून खालचे डाग दिसले तरी घाबरू नका आणि म्हणून जाड लावू नका. दुसऱ्या दिवशी ४०० नंबरने ओले, हलके घासून, पुसून, सुकवून दुसरा हात द्या. या दुसऱ्या हाताला मात्र घाई करू नका, गाडीचे रूप त्यात आहे.

रंग लागू नये अशा जागा कोणत्या, हे बहुतेक जण काम झाल्यावर शोधतात. चेसिस नंबरची जागा आधी ग्रीसचा पातळ हात देऊन टेपने झाका. त्यावर रंगाचे जाड थर बसले की पासिंगला पेन्सिलने त्याची छाप उठत नाही आणि निरीक्षकासमोर उभे राहून खरवडावे लागते. सिलिंडरवरची तपासणीची पट्टी, व्हॉल्व्ह आणि गॅसच्या नळ्या यांना ब्रश लावू नका. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी होते आणि त्या पट्टीवरची तारीख वाचता आलीच पाहिजे. ब्रेकच्या रबरी नळ्या, प्रोपेलर शाफ्टचे सांधे आणि ग्रीस भरण्याचे निपलही झाका. चाकाच्या डिस्कला हौसेने रंग देणार असाल तर ती हबला जिथे टेकते ती सपाट जागा आणि नट बसतात त्या खोबणी कोऱ्या ठेवा. तिथला रंग दाबाखाली चुरडला की नट सैल होतात, आणि भरल्या गाडीचे चाक सैल होणे किती भयंकर आहे हे तुम्हाला सांगायला नको. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट खोलू नका. तिचे लॉक पुन्हा वापरता येत नाही, ती कागदाने झाकून बाजूने काम करा.

हौद्याचा तळ वेगळा धरा. क्रेट सरकवून सरकवून तिथे कोणताही रंग वर्षभर टिकत नाही, म्हणून तिथे अस्तराचे दोन हात आणि वर काळा इनॅमल देऊन दरवर्षी तेवढाच भाग पुन्हा करण्याची तयारी ठेवा. चेसिसला खालून जो डांबरी काळा रंग लावतात तो हौद्याच्या दिसणाऱ्या भागाला लागू देऊ नका. त्यावर इनॅमल दिला तर डांबर तपकिरी डाग होऊन वर येते. आणि चेसिसखाली शिरताना गाडी नुसत्या जॅकवर नसावी. चाकांना उटी (चाक सरकू नये म्हणून लावायचा दगड किंवा ठोकळा) आणि खाली लोखंडी स्टँड असल्याशिवाय मान आत घालू नका.

टर्पेंटाइनचे आणि रंगाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ऑइल पेंट सुकताना उष्णता सोडतो आणि बोळ्यांच्या ढिगात ती साठून ते आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर सुटे वाळत घाला किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. उरलेले टर्पेंटाइन बाटलीत निवळू द्या. वरचे स्वच्छ पाण्यासारखे पुन्हा ब्रश धुण्याला चालते, गटारात ओतू नका.

अक्षरांचे काम रंगानंतर किमान चार दिवसांनी. सुताला खडू लावून, दोघांनी ताणून, मधे उचलून सोडले की सरळ रेघ मिळते. अशा दोन रेघांत बसणारी अक्षरे हाताला वळण नसले तरी नीटनेटकी येतात. गाडीचे वजन, भरलेले वजन, मालकाचे नाव-पत्ता हे आधी जसे आणि जिथे होते त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि तसेच पुन्हा लिहा. मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहू नका. राज्याच्या परिवहन विभागाने व्यापारी गाड्यांवर ते लिहिण्यास २०१५ सालीच बंदी घातली आहे. त्या जागी एकविरा आईचे किंवा घरच्या कुलदैवताचे नाव असले तर मला मनापासून आवडते. तेवढे काम चांगल्या अक्षरलेखकाकडून करून घेता आले तर जरूर घ्या, ही कला जाणणारे हात मुंबईत आता मोजके राहिले आहेत. परावर्तक पट्ट्या जुन्या ठेवू नका. समोर पांढरी, मागे लाल अशा नव्या पट्ट्या पूर्ण सुकलेल्या रंगावर चिकटवा. ओल्या रंगावर त्या कडेने सुटतात.

दुसऱ्या हातानंतर निदान चार दिवस हौद्याला दोर आणि ताडपत्री लावू नका. इनॅमल हाताला सुका लागला तरी आतून मऊ असतो आणि ताडपत्रीचे विणकाम त्यावर जसेच्या तसे उमटते. दोन आठवडे साबणाने धुऊ नका, साध्या पाण्याने चालेल. मासळीचे भाडे महिनाभराने सुरू करा आणि त्या दिवशी घरी आल्यावर, रात्र कितीही झाली असली तरी, हौदा गोड्या पाण्याने धुऊनच झोपा. अर्धा लिटर रंग आणि थोडे अस्तर घट्ट झाकण लावून, डबा उलटा करून ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस पडायच्या आत, गाडीभोवती बॅटरी घेऊन एक फेरी मारा, भोके पुन्हा तारेने मोकळी करा, आणि जिथे दगड लागून पत्रा उघडा पडला असेल तिथे घासून आधी अस्तराचा आणि मग रंगाचा ठिपका द्या.